एकाची संमती

सफाळ्यासारख्या ठिकाणी कॅथलिक कुटुंब बहुधा आपल्या आळीत एकटेच असते. वसईतील जुन्या गावांसारखे येथे नाही. तेथे चर्चची घंटा झाली की अख्खी वाट माणसांनी भरते. येथे घंटेचा आवाज जेथवर पोहोचतो तेथवरची बहुतेक घरे वाडवळांची, मांगेल्यांची, भंडाऱ्यांची, कुणब्यांची आणि वारल्यांची. शेजारधर्म मात्र उत्तम आहे. गणपतीत आमच्या घरी मोदक येतात, नाताळात आमच्याकडून करंज्या जातात. मुले एकाच शाळेत शिकतात व पुढे एकाच गाडीने विरारकडे किंवा बोईसरकडे कामाला जातात. २०१३ साली उपनगरी गाड्या विरारपुढे डहाणू रोडपर्यंत धावू लागल्या, तेव्हापासून हे जाणे-येणे आणखीच वाढले. अशा ठिकाणी आमच्या मुलामुलींचे विवाह ख्रिस्ती नसलेल्या जोडीदारांशी होतात यात नवल ते काय? त्या विवाहांविषयी व्यासपीठावरून पुष्कळ बोलले जाते, कधी कधी गरजेपेक्षा अधिक. आम्हांस येथे त्यानंतर जन्मणाऱ्या बालकाविषयी आणि त्याच्या निमित्ताने आमच्यापुढे उभ्या राहिलेल्या एका प्रश्नाविषयी लिहावयाचे आहे.

पुढील हकिगत संबंधितांच्या परवानगीने लिहीत आहोत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. ती प्रायश्चित्त संस्कारात आमच्या कानी आलेली नाही. तशी असती तर येथे तिचा उच्चारही झाला नसता.

दोन वर्षांपूर्वी आम्हीच लावलेल्या एका विवाहातील मुलगी चार महिन्यांचे बाळ घेऊन कचेरीत आली. तिचा नवरा हिंदू. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणारा, निर्व्यसनी, जरासा अबोल. बाळाचे बारसे सासरी थाटात झाले होते. स्नानसंस्काराचा विषय घरात एकदा निघाला तेव्हा नवरा एवढेच म्हणाला होता, की मोठा झाल्यावर त्याचे तो ठरवील. त्यानंतर तिने तो विषय पुन्हा काढलाच नाही.

“फादर, येत्या मंगळवारी ह्यांची पहिली पाळी आहे,” ती म्हणाली. “सासूबाईही गावी जाणार आहेत. मी सकाळी बाळाला घेऊन येते. तुम्ही संस्कार द्या. फोटो नको, जेवण नको, कोणाला बोलवायला नको.”

“आणि बाळाच्या वडिलांना?”

“नंतर सांगेन.” थोडे थांबून ती खाली मान घालून म्हणाली, “किंवा नाही सांगणार. कायद्यात एकाची संमती पुरते ना, फादर? मी विचारून आले आहे.”

तिने विचारले होते ते खरेच होते. १९८३ साली ख्रिस्तसभेने जी नवी कायदेसंहिता अमलात आणली तिच्या ८६८ व्या कलमात बालकाच्या स्नानसंस्कारासाठी दोन अटी आहेत. पहिली अट ही की आईवडिलांची, निदान त्यांपैकी एकाची, संमती असावी. दुसरी, ते बालक कॅथलिक श्रद्धेत वाढविले जाईल अशी साधार आशा असावी. त्याआधीचे कलम तर आईवडिलांना बजावते की जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांतच बालकाला संस्कार मिळेल असे पाहा. शिवाय विवाहापूर्वी हिने एका कागदावर सही केली होती. सर्व मुलांना कॅथलिक स्नानसंस्कार मिळावा व ती त्या श्रद्धेत वाढावी यासाठी आपल्याकडून होईल ते सर्व करीन, असे ते वचन. १९१७ च्या जुन्या संहितेप्रमाणे असे वचन दोघांकडूनही घेतले जाई. ३१ मार्च १९७० रोजी पोप सहावे पौल यांनी मिश्रविवाहांविषयी जो आदेश काढला त्याने ही पद्धत पालटली. वचन कॅथलिक व्यक्तीनेच द्यावयाचे. दुसऱ्याला त्याची माहिती वेळेवर आणि त्याला खरोखर जाण होईल अशी द्यावयाची, एवढेच उरले. दुसऱ्याच्या सदसद्विवेकावर ओझे टाकू नये असा त्यामागील विचार आहे, व तो आम्हांस फार मोलाचा वाटतो.

म्हणजे कायद्याचे अक्षर त्या मुलीच्या बाजूने होते. तिचे वचन तिच्या बाजूने होते. आणि तिच्या डोळ्यांतले पाणीही. तरी आम्ही नाही म्हटले. प्रथम नवऱ्याशी बोल, तो काय म्हणतो ते सांग, मग पाहू, असे सांगून आम्ही तिला परत पाठविले. ती काही न बोलता उठून गेली. दारात तिने बाळाच्या डोक्यावर पदर ओढला तो उन्हासाठी की आमच्यासाठी, हे आम्हांस कळले नाही.

आमच्या नकाराविरुद्ध जे जे म्हणता येईल ते त्या रात्री आम्हीच आम्हांला म्हणून घेतले. त्या घरात राहावयाचे तिला आहे, आम्हांला नाही. धर्मगुरूने खुर्चीत बसून सत्याचा आग्रह धरणे सोपे आहे. त्याची किंमत दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात चुकवली जाते. संत पौलाने करिंथकरांस लिहिले आहे, की विश्वास ठेवणाऱ्या पत्नीमुळे विश्वास न ठेवणारा पती पवित्र होतो आणि त्यांची मुलेही पवित्र ठरतात. मग आईच्या श्रद्धेला बापाच्या होकाराची वाट का पाहावयास लावावी?

संत थॉमस अक्वायनस यांचा आधार आम्हांस होता, पण तोही तपासून घ्यावा लागला. ख्रिस्ती नसलेल्या आईबापांच्या मुलांना त्यांच्या इच्छेविरुद्ध स्नानसंस्कार देऊ नये, ते नैसर्गिक न्यायाला सोडून होईल, असे त्यांनी तेराव्या शतकात स्पष्ट मांडले. मूल उदरातून बाहेर आले तरी समज येईपर्यंत ते आईबापांच्या देखरेखीच्या जणू दुसऱ्या उदरात असते, असा त्यांचा युक्तिवाद. मात्र येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, की संत थॉमस यांच्यासमोर दोन्ही आईबाप ख्रिस्ती नसलेले होते. आमच्यासमोर तर आईच बाळाला घेऊन आली होती. तेव्हा त्यांचे उत्तर उचलून येथे जसेच्या तसे बसविता येत नाही.

मग अडते कोठे? आम्हांस वाटते, विरोध आणि अजाणता यांतील भेदात. कायद्याने ‘निदान एकाची’ असे म्हटले ते विनाकारण नव्हे. एखादीचा नवरा वारलेला असतो, एखादीला टाकून गेलेला असतो. कोठे बापाला मुलाशी काही देणेघेणेच नसते. कोठे तो समोरासमोर नकार देतो आणि आई आपला हक्क उघडपणे बजावते. अशा आयांसाठी कायद्याने ते दार उघडे ठेवले आहे. हिने नवऱ्याला विचारले असते, त्याने नको म्हटले असते, आणि मग ‘तुम्ही नको म्हणालात तरी माझ्या वचनाप्रमाणे मी नेणार’ असे त्याला सांगून ती आली असती, तर आमचा निर्णय कदाचित वेगळा झाला असता. निदान त्याचा विचार वेगळ्या पायावर झाला असता. तेथे दोन प्रौढ माणसे एकमेकांसमोर उभी असतात. येथे मात्र एकाला नकार द्यावयाचीही संधी नव्हती. कलमात एकाच्या संमतीची सवलत आहे. दुसऱ्याला अंधारात ठेवण्याची सवलत त्यात आम्हांस तरी वाचता येत नाही.

आणि दुसरी अट? जो संस्कार घरात उच्चारता येत नाही, त्या संस्काराचे बालक श्रद्धेत वाढणार कसे? बाप पाळीवर असताना शिकलेली प्रार्थना बाप आल्यावर विसरावयाची? सात-आठ वर्षांनी प्रथम ख्रिस्तप्रसादाचा दिवस येईल. तोही मंगळवारी सकाळी उरकावयाचा? साधार आशा म्हणतात ती अशा पायावर उभी राहत नाही.

या विषयात आम्हां धर्मगुरूंनी जपून राहण्यास आणखी एक कारण आहे. ते सुखद नाही. १५५९ साली पोर्तुगालच्या राजाने गोव्यासाठी एक हुकूम काढला. आई-बाप, आजी-आजोबा असे कोणीच वडीलधारे न उरलेल्या हिंदू मुलांना सेंट पॉल कॉलेजच्या स्वाधीन करून त्यांचा स्नानसंस्कार व संगोपन तेथे करावे, असा तो हुकूम. पुढे तो ताणत ताणत नेऊन, आई हयात असताना केवळ बाप गेलेल्या मुलांनाही लावण्यात आला. आपल्या मुलांना वाचविण्यासाठी माणसे नातेवाइकांकडे, सीमेपलीकडे मुले पाठवू लागली. दयेच्या नावाने निघालेला कायदा आयांना मुले लपवावयास लावतो, तेव्हा त्यात काय उरते? वसईपासून तारापूरपर्यंतची ही आमची किनारपट्टीही त्याच सत्तेखाली होती, आणि आमच्या पूर्वजांची श्रद्धा त्याच काळातून आमच्यापर्यंत आली आहे. ती श्रद्धा आम्ही कृतज्ञतेने बाळगतो. म्हणून तो हुकूम विसरावा असे मात्र नव्हे.

दुसरी घटना इटलीतील बोलोन्या शहराची. एदगार्दो मोर्तारा हा ज्यू कुटुंबातील मुलगा तान्हा असताना आजारी पडला. तो दगावेल या भीतीने घरातील कॅथलिक मोलकरणीने आईबापांच्या नकळत त्याच्यावर पाणी ओतले. काही वर्षांनी ही गोष्ट बाहेर फुटली. बोलोन्या तेव्हा पोपच्या राज्यात होते. जून १८५८ मध्ये शिपाई घरी आले आणि सहा वर्षांच्या त्या मुलाला आईबापांपासून काढून रोमला नेले. युरोप-अमेरिकेत गदारोळ उठला तरी पोप नववे पायस बधले नाहीत. एदगार्दो पुढे धर्मगुरू झाला, श्रद्धेत टिकला आणि १९४० साली बेल्जियममध्ये वारला. तो सुखी होता असे म्हणून काही जण त्या प्रकरणाचे समर्थन करतात. आम्हांस ते पटत नाही. त्या काळच्या विचाराला तीन पायऱ्या होत्या. असा संस्कार देऊ नये. पण दिलाच तर तो टिकतो. आणि टिकतो म्हणून मूल ख्रिस्ती हातांतच वाढले पाहिजे. पहिल्या दोन पायऱ्या आजही आमच्या शिकवणुकीत आहेत. तिसरीवर मात्र एका आईचे मूल गेले. १९६५ साली द्वितीय व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात मुलांच्या धार्मिक संगोपनाचा हक्क आईबापांचा असल्याचे सांगितले, तेव्हा ती पायरी आपल्या परीने मोडून काढली.

एवढा सगळा विचार करून आम्ही स्वस्थ झालो होतो. पण चार महिन्यांनी एका रविवारी मिस्सा संपल्यावर त्या मुलीची आई सभामंडपात मागे रेंगाळली. सगळे गेल्यावर जवळ येऊन म्हणाली, “फादर, मी पाणी घातलं.”

आम्हांस क्षणभर उमगले नाही. मग उमगले.

“कधी, मावशी?”

“पोर माझ्याकडे ठेवून ती बाजारात गेली होती तेव्हा. पेल्यात पाणी घेतलं, तीन वेळा डोक्यावर घातलं, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. तुम्हीच शिकवलंय ना, वेळप्रसंगी कोणीही देऊ शकतं?”

“पण वेळप्रसंग काय होता?”

“ताप होता, फादर.”

“किती?”

“तापच तो. अंग कोमट लागत होतं.”

आम्ही रागावणार होतो. रागावलो नाही, कारण पुढे ती जे बोलली ते आम्ही कधी विचारलेच नव्हते. तिच्या लहानपणी तिचा एक भाऊ जन्मला आणि दुसऱ्या दिवशी गेला. पाणी मिळाले नव्हते. माहेरच्या गावी त्याला दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पुरले. घंटा नाही, प्रार्थना नाही. पुढे कित्येक वर्षे २ नोव्हेंबरला सगळा गाव आपापल्या माणसांच्या कबरीवर मेणबत्त्या लावी तेव्हा तिची आई कुंपणापाशी जाऊन उभी राही. “मेणबत्ती हातातच धरायची,” ती म्हणाली. “लावायची कुठे?”

१९१७ च्या संहितेत स्नानसंस्काराविना मरण पावलेल्यांना ख्रिस्ती दफनविधी नाकारलेला होता. १९८३ च्या संहितेने ते पालटले. ज्यांना संस्कार द्यावयाची आईबापांची इच्छा होती पण तत्पूर्वीच ती गेली, अशा बालकांचा अंत्यविधी महागुरूंच्या परवानगीने होऊ शकतो. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथाने अशा बालकांना देवाच्या करुणेच्या स्वाधीन करावयास सांगितले. २००७ साली आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्या संमतीने प्रसिद्ध केलेल्या लेखात, त्यांच्या तारणाची आशा बाळगण्यास भक्कम कारणे आहेत असे म्हटले. लिंबोची कल्पना ही कधीच श्रद्धासिद्धांत नव्हती. हे सारे आम्ही सेमिनरीत आणि त्यानंतर वाचले. पण कुंपणापाशी उभ्या राहिलेल्या बाईच्या मुलीला ते कोणी सांगितले? मुलीशी आम्ही कायदा बोललो. तिच्या पाठीमागे उभी असलेली ही भीती आमच्या ध्यानातच आली नाही. नकार देताना आम्ही तिच्या घरी जाऊन आजीला जवळ बसवून अर्धा तास बोललो असतो, तर तो पेला बहुधा मोरीतच राहिला असता. नकार योग्य होता असे आम्ही आजही म्हणू. तो देऊन आपल्या खोलीत परतणे मात्र योग्य नव्हते.

आता पुढे काय? पाणी होते, शब्द होते, हेतूही होता. संस्कार देण्याची रीत चुकीची होती तरी संस्कार झाला होता, आणि तो पुन्हा देता येत नाही की काढून घेता येत नाही. आम्ही गप्प राहावे असे त्या बाईचे म्हणणे. पण मग आजीचे गुपित, आमचे गुपित, अशी त्या बालकाभोवती एक दुसरीच भिंत उभी राहिली असती. नवऱ्याला अंधारात ठेवू नये म्हणून आम्ही आईला नकार दिला होता; आता आम्हीच दोघांनाही अंधारात ठेवणार काय? तुम्हीच लेकीला सांगा, आम्ही सांगणार नाही, असे आम्ही आजीला म्हणालो. तिला तीन आठवडे लागले. लेकीने नवऱ्याला त्याच रात्री सांगितले. ती सवय तिला आधी असती तर, असे मनात आले. पण तसे म्हणण्याचा अधिकार आम्हांला नव्हता.

नवरा पाळी संपवून थेट कचेरीत आला. बूट बाहेर काढून आत येऊन बसला. आम्ही चहा मागविला. तो त्याने घेतला नाही.

“फादर, तुमच्या कायद्याप्रमाणे माझा मुलगा आता कोणाचा?”

“तुमचा. तुमचा आणि तिचा.”

“उद्या कोणी येऊन त्याच्यावर हक्क सांगणार नाही?”

“नाही.” मोर्तारांच्या बापाने हाच प्रश्न विचारला होता आणि त्याला वेगळे उत्तर मिळाले होते, हे त्याला सांगण्याची ती वेळ नव्हती.

“हे पुसता येतं?”

आम्ही खरे ते सांगितले. स्नानसंस्काराची मुद्रा पुसली जात नाही अशी आमची श्रद्धा आहे.

तो बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसला. मग म्हणाला, “जे पुसता येत नाही ते घालायच्या आधी विचारायला नको?”

इतक्या वर्षांच्या धर्मसेवेत या संस्काराच्या गांभीर्याविषयी आम्ही कितीतरी प्रवचने दिली असतील. त्याच्या त्या एका वाक्यात ते गांभीर्य आमच्यापेक्षा अधिक होते. पुसता न येणारे असे आम्ही ज्याला म्हणतो, ते त्याने आमच्या शब्दावर विश्वास ठेवून तसेच धरले होते, आणि म्हणूनच तो दुखावला होता. ज्याला ते निव्वळ पाणी वाटते तो असे विचारीत नाही.

आम्ही त्याची क्षमा मागितली. आजीच्या वतीने नव्हे, आमच्याच वतीने. विवाहापूर्वी पत्नीच्या वचनाची माहिती त्याला द्यावयाची ती आम्ही कशी दिली होती ते आम्हांस आठवत होते. त्याला गाडी पकडावयाची होती, आम्हांला आजाऱ्याकडे जावयाचे होते. पाच मिनिटांत कागद वाचून दाखविला, त्याने मान हलविली, आम्ही सही घेतली. खरोखर जाण होईल अशी माहिती द्यावी असे कायदा म्हणतो. त्या कागदावरचे वचन त्याला त्या दिवशी समजले असते, त्याचे म्हणणे आम्ही तेव्हाच ऐकले असते, तर मंगळवारची सकाळ उगवलीच नसती. अलीकडे अशा विवाहांच्या वेळी आम्ही दोघांना तीन वेळा बोलावतो. एकदा केवळ या एका विषयासाठी, आणि गाडीची वेळ विचारून घेऊन.

नोंदीचा प्रश्न उरला होता. धर्मगुरूखेरीज दुसऱ्या कोणी संस्कार दिला तर त्याने ते धर्मगुरूस कळवावे व धर्मगुरूने स्नानसंस्काराच्या वहीत नोंद करावी, असा नियम आहे. आम्ही वही काढून त्याच्यासमोर ठेवली, रकाने समजावून सांगितले. मुलाचे नाव, जन्मतारीख, आईवडिलांची नावे, संस्कार देणारी व्यक्ती, शेरा. त्याने स्वतःच्या नावाचे स्पेलिंग दुरुस्त करून दिले. मग शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवून विचारले, येथे काय लिहिणार? आणीबाणीच्या प्रसंगी संस्कार दिला असेल तर तसे लिहितात, असे आम्ही म्हणालो.

“मग एक करा, फादर,” तो म्हणाला. “ताप होता असं लिहू नका. ताप नव्हता.”

आम्ही तसे लिहिले नाही.